डिस्ट्रिब्युटरमधले नायट्रिक आम्ल

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीत पेट्रोलवर चालणारी जुनी जीप किंवा ट्रक रस्त्यातच बंद पडला, की चालक बॉनेट उघडून एक काळे झाकण काढीत असे, ते आतून कोरड्या फडक्याने पुसून परत बसवीत असे आणि बहुतेक वेळा गाडी चालू होत असे. हे झाकण डिस्ट्रिब्युटरचे. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर उरलेला नाही. परंतु त्याला पाण्यापासून वाचवण्यासाठी अभियंत्यांनी जे उपाय योजले, त्यांत रसायनशास्त्राच्या शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे पुष्कळ काही आहे.

बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी तयार केली. तीत कॉइल बॅटरीच्या ६ व्होल्टचे १५-२० हजार व्होल्ट करते. हा दाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पाठवण्याचे काम डिस्ट्रिब्युटरचे. झाकणाखाली रोटर फिरतो, पण तो झाकणातील अग्रांना स्पर्श करीत नाही. मधे छोटी फट असते आणि ती ठिणगीनेच ओलांडावी लागते. चार स्ट्रोकचे, सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० ठिणग्या होतात. म्हणजे झाकणाखाली सेकंदाला शंभर.

दमट हवेतून वीज सहज पळते, म्हणून गाडी बंद पडते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. हवेतील बाष्प फटीची विद्युतरोधकता कमी करीत नाही, उलट किंचित वाढवतेच. खरा दोष बॅकेलाइटच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या पाण्याच्या पातळ थराचा असतो. या थरात धूळ आणि क्षार विरघळतात व वीज प्लगकडे न जाता पृष्ठभागावरून निसटते. निसटताना ती बॅकेलाइट जाळते. मागे कोळशाची बारीक रेघ उरते, आणि कोळसा वाहक असल्याने पुढे कोरड्या दिवशीही वीज त्याच वाटेने जाते. अशा झाकणाला फडक्याचा उपयोग नाही, ते बदलावेच लागते.

रस्त्यात अडकलेल्या गाडीचा त्रास तासाभराचा. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मात्र समुद्राच्या पाण्यात बंद पडलेला ट्रक गोळीबारात जागेवरच उभा राहणार होता, आणि मागच्यांची वाटही अडवणार होता. दोस्त राष्ट्रांच्या वाहनांवर त्यासाठी आधी ग्रीज व ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा लगदा थापून विजेचे भाग बंद केले गेले. हा उपाय पाण्यातल्या थोड्या वेळापुरता होता. किनाऱ्यावर गेल्यावर हे लिंपण लवकरात लवकर काढायचे असे.

युद्धानंतर अमेरिकी लष्कराने पाण्यातून जाण्याची क्षमता गाडीतच असावी असे ठरवले. १९५० ची एम-३८ जीप, एम-३७ आणि एम-३५ हे ट्रक या गाड्यांना २४ व्होल्टची बंदिस्त प्रज्वलन यंत्रणा मिळाली. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल धातूच्या एकाच घट्ट डब्यात, तारा धातूच्या वेष्टनात. ठिणग्यांमुळे रेडिओत येणारी खरखरही त्यामुळे कमी झाली.

पण डबा घट्ट बंद करून भागत नाही. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतून विजेच्या ठिणग्या पाठवून नायट्रिक आम्ल मिळवले होते. १९०३ मध्ये नॉर्वेतील बिर्केलँड आणि आइडे यांनी याच तत्त्वावर खतासाठी नायट्रेट करण्याची पद्धती उभी केली. आकाशातील विजेने नायट्रोजनचे स्थिरीकरण होते हा पाठ्यपुस्तकातला धडाही तोच. मग सेकंदाला शंभर ठिणग्या पडणाऱ्या बंद डब्यात निराळे काय होणार? ठिणगीत ऑक्सिजनपासून ओझोन होतो, नायट्रोजनची ऑक्साइडे होतात, आणि थोडे जरी बाष्प असले तरी नायट्रिक आम्ल तयार होते. पितळेवर हिरवट थर चढतो, पोलादी स्प्रिंगा गंजतात, पॉइंट खराब होतात. ओझोन रबराला चिरा पाडतो तो वेगळाच. बाहेरचे पाणी अडवणारा डबा आतले आम्लही अडवून धरतो.

शिवाय पाणीही पूर्ण अडत नाही. इंजिनाजवळचा ८० अंश सेल्सिअसचा (३५३ केल्विन) डबा नदीत शिरून २० अंशांना (२९३ केल्विन) आला, तर आतील हवेचा दाब जवळजवळ १७ टक्क्यांनी उतरतो. हा फरक पावणेदोन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. गॅस्केट जरा जरी सैल असली, की डबा पाणी शोषून घेतो. वायूंच्या नियमांवर याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

म्हणून अभियंत्यांनी या बंद डब्याला मुद्दाम दोन नळ्या जोडल्या. एकीतून एअर क्लीनरमधली गाळलेली हवा आत येते. दुसरी इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डकडे जाते व तेथील निर्वातामुळे आतले वायू ओढून घेते. ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे साचण्याआधीच इंजिनात जातात. जुन्या लष्करी गाड्या हौसेने जतन करणारा कोणी या नळ्या निरुपयोगी समजून बुजवील, तर त्याच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॅव्हेंडिशचा प्रयोग पुन्हा सुरू होईल. साध्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला हवेसाठी जे बारीक भोक ठेवलेले असे, तेही याचसाठी.

पुढे एम-३५ ला साठच्या दशकात बहुइंधनी इंजिन मिळाले. ते डिझेलप्रमाणे दाबानेच इंधन पेटवणारे असल्याने त्याला डिस्ट्रिब्युटरच लागला नाही. पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले तेव्हा पॉइंट गेले, पण रोटर आणि त्याची फट राहिली, म्हणून आम्लही राहिले. डिस्ट्रिब्युटरशिवाय कॉइलकडून थेट प्लगला वीज जाऊ लागली तेव्हाच ती फट नाहीशी झाली.