जुन्या फोटोत माणूस कुठून चालतोय?

दर आठ-पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईचा एक जुना फोटो फिरत येतो. बोरीबंदरसमोरचा किंवा फ्लोरा फाउंटनचा. खाली ठरलेली ओळ असते, ‘काय सुंदर होती हो आपली मुंबई!’ मग कोणीतरी त्याच जागेचा आजचा फोटो टाकतं आणि सगळे मिळून हळहळतात.

मीही हळहळतो. पण मागच्या रविवारी जरा वेगळं केलं. 1900 च्या आसपासचा हॉर्नबी रोडचा फोटो मोबाइलवर घेतला आणि थेट त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड, आपला डी. एन. रोड. क्रॉफर्ड मार्केटपासून फ्लोरा फाउंटनपर्यंतचा. एकदा फोटो बघायचा, एकदा मान वर करून समोर बघायचं.

पहिलं आश्चर्य म्हणजे इमारती बऱ्याचशा त्याच आहेत! 1888 साली पूर्ण झालेलं बोरीबंदर स्टेशन तिथेच आहे. व्हीटीचं सीएसटी झालं, सीएसटीचं सीएसएमटी झालं, पण घुमट तोच. समोरची महापालिकेची 1893 ची इमारतही तशीच उभी. पुढे चालत गेलं की पेटिट लायब्ररी लागते. व्हाइटअवे लेडलॉ नावाचं बड्या साहेबांचं दुकान जिथे होतं, त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आलं. इतिहासाची ही गंमत दगडाचा रंग बघून कळत नाही, पाटी वाचावी लागते.

मग बदललं काय? बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं. बदलली ती चालणाऱ्या माणसाची जागा.

जुन्या फोटोत माणसं रस्त्याच्या मधोमध चालतायत. कोणी डोक्यावर ओझं घेऊन, कोणी छत्री घेऊन, कोणी तिरका रस्ता ओलांडतोय. मधून ट्राम, कडेने घोडागाड्या, बैलगाड्या. मुंबईत ट्राम 9 मे 1874 ला सुरू झाली, तीही घोड्यांची. 1907 साली विजेची आली. ट्रामला रूळ होते, त्यामुळे ती कुठून जाणार हे पोरालाही ठाऊक. बाकीचा रस्ता सगळ्यांचा.

आजच्या फोटोत त्याच जागी मोटारी आहेत. आणि माणूस? तो जमिनीखाली आहे! सीएसएमटीहून महापालिकेकडे जायचं तर लोक भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरतात, गर्दीतून वाट काढतात आणि पलीकडे पुन्हा चढतात. गुडघेदुखीवाल्या मावशी, बॅगा घेतलेले गावाकडचे पाहुणे, सगळे. गाडी सरळ जाते, माणूस वळसा घालून खाली-वर करतो.

नाहीतर मग पूल. इथलाच हिमालय पूल आठवतोय ना? 14 मार्च 2019 ची संध्याकाळ. ऑफिस सुटल्यावर लोकल पकडायला निघालेली माणसं पुलावर होती आणि पुलाचा भाग खाली कोसळला. माणसं गेली, अनेक जखमी झाली. नवा पूल 2023 मध्ये सुरू झाला. रस्ता ओलांडणं एवढीच काय ती गरज, आणि त्यासाठी माणसाला आधी वर चढवायचं, मग त्या पुलाकडे नीट बघायचंही नाही.

आता लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. जुना फोटो खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. 1860-70 च्या कॅमेऱ्याला एक चित्र टिपायला बराच वेळ लागायचा. हलणारी माणसं त्यात पुसट व्हायची, कधी उमटायचीच नाहीत. म्हणून ते रस्ते इतके शांत, रिकामे वाटतात. शिवाय फोटोवाला बहुतेक वेळा फोर्टातच उभा राहायचा. 1896 मध्ये प्लेग आला तो मांडवीत, दाटीवाटीच्या वस्तीत. ती वस्ती त्या सुंदर पोस्टकार्डांवर सहसा नसते. प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते निघाले. हवा खेळू लागली हे खरं, पण तिथली गरीब माणसं घराबाहेर पडली हेही तितकंच खरं.

तरी त्याच काळातली एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. डी. एन. रोडवर एकदा भर पावसात चालून बघा. इमारतींच्या तळमजल्यावर कमानी आहेत आणि कमानींच्या आत चालायला जागा आहे. छत्री न उघडता कितीतरी अंतर जाता येतं. हे आपोआप झालेलं नाही. या रस्त्यावर बांधायचं असेल तर तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी अशी कमानींची वाट सोडलीच पाहिजे, असा नियम 1896 मध्ये केला गेला. एक इमारत गॉथिक, दुसरी भलत्याच शैलीतली, पण खालची वाट सलग. मालक वेगळे, वाट एक. बाबासाहेबांनी उभारलेल्या सिद्धार्थ कॉलेजची किती पोरं-पोरी याच कमानींखालून चालत शिकायला गेली असतील.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे सुचलं, ते आज नवीन टॉवर उभा राहताना आपल्याला का सुचू नये? टॉवरखाली तीन-चार मजले पार्किंग असतं. समोरच्या फूटपाथवर मात्र दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत.

ट्रामचंही तसंच. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. लोक निरोप द्यायला रस्त्यावर आले होते. ट्राम तोट्यात आहे, वाहतुकीला अडथळा करते, असं म्हटलं गेलं. ट्राम गेली, अडथळा गेला का? दादर टीटी हे नाव तेवढं उरलं. त्यातला ‘टी’ म्हणजे ट्राम, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ काम चालू असताना डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. तोवर ते आपल्या पायाखालीच होते. 15 सप्टेंबर 2023 ला जुनी डिझेलवरची डबलडेकरही शेवटची धावली. तेव्हाही आपण हार घातले, सेल्फी काढले. निरोप आपण फार छान देतो. पण हे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात, आकाशातून पडत नाहीत.

चालत चालत शेवटी फ्लोरा फाउंटनला पोचलो. कारंजं 1864 चं. जुन्या फोटोत ते एकटं आहे, आज शेजारी हुतात्मा स्मारक आहे. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं चालत इथे आली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळालं ते पायी आलेल्या माणसांमुळे. आणि आज त्याच स्मारकाजवळ जायला भरधाव गाड्यांमधून वाट शोधावी लागते. तिथे उभं राहून हे जाणवलं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी जुना-नवा फोटो शेजारी ठेवाल तेव्हा इमारती नंतर बघा. आधी बघा, माणूस कुठून चालतोय? म्हातारं माणूस रस्ता कसा ओलांडतंय? लहान पोराचा हात सोडता येईल का?

आणि आज आपल्या गल्लीचा एक फोटो काढून ठेवा. तारीख आणि जागा लिहा. उद्या रस्ता खणतील, सिमेंटचा करतील, तेव्हा त्याच जागेवरून पुन्हा काढा. फूटपाथ एक फुटाने जरी कमी झाला असेल, तर दोन्ही फोटो घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. ‘पूर्वी इथे जागा होती’ हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. फोटो समोर ठेवला की निदान उत्तर तरी द्यावं लागतं.