गृहचित्रपट-संग्रहाची मुद्रित सूची आणि अद्ययावततेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालयांच्या तालिकांचा इतिहास बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. खाजगी घरांतील चित्रपटसंग्रहांच्या सूचींकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. 'गृहचित्रपट-संग्रह' या संज्ञेत दोन प्रकारचे साहित्य येते. एक, कुटुंबातील व्यक्तींनी स्वतः चित्रित केलेल्या फिती. दोन, घरी पाहण्यासाठी विकत किंवा भाड्याने घेतलेल्या व्यावसायिक चित्रपटांच्या प्रती. दोन्ही प्रकारच्या साहित्याचा एक समान गुण असा की, ते डोळ्यांनी सहज वाचता येत नाही. पुस्तक हातात घेताच त्याचे नाव व कर्ता कळतो. डब्यातील फीत यंत्रावर चढविल्याशिवाय काहीच सांगत नाही. त्यामुळे चित्रपटसंग्रहाच्या बाबतीत सूची ही केवळ सोय नसून संग्रहाच्या अस्तित्वाची अट ठरते.

अशी सूची एकदा छापली की ती त्या दिवसापुरती खरी असते. त्यानंतर नवी प्रत येते, जुनी खराब होते, एखादी कोणी नेलेली परत येत नाही, एखाद्या नोंदीतील साल चुकीचे असल्याचे ध्यानात येते. अद्ययावतता म्हणजे नव्या नोंदींची भर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, भर घालणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. दुरुस्ती करणे आणि गाळणे हे त्याचे कठीण भाग आहेत, आणि गाळलेल्याची नोंद राखणे हा इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग आहे.

ग्रंथतालिकेचा वारसा

मुद्रित सूची अद्ययावत कशी ठेवावी, हा प्रश्न चित्रपटाच्या जन्मापूर्वीचा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पानिझ्झी यांच्या मार्गदर्शनाखाली तालिकीकरणाचे ९१ नियम तयार झाले. ते नियम आणि तालिकेचा 'ए' या अक्षराचा खंड १८४१ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण तालिकेचे काम पुरे होण्यापूर्वी एकेक अक्षर छापण्यास पानिझ्झी यांचा विरोध होता. इतर अक्षरांखालील ग्रंथ तपासताना 'ए'खाली जाणाऱ्या नव्या नोंदी निघत राहणार आणि छापलेला खंड अपुरा ठरणार, हे उघड होते. पुढील खंडांचे मुद्रण थांबले ते याच अनुभवामुळे.

त्यानंतर म्युझियमने निराळा मार्ग स्वीकारला. प्रत्येक नोंद स्वतंत्र चिठ्ठीवर लिहून ती मोठ्या खंडाच्या कोऱ्या पानावर चिकटविण्यात येऊ लागली. दोन नोंदींमध्ये जागा सोडली जाई. जागा संपली की चिठ्ठ्या उचलून पुढे सरकविता येत. तालिका सतत अद्ययावत राहिली, परंतु खंडांची संख्या सुमारे १५० वरून वाढत तीन दशकांत दोन हजारांवर गेली. अखेरीस जागेच्या अडचणीने पुन्हा मुद्रणाकडे वळावे लागले. १८८१ ते १९०० या काळात मुद्रित तालिका सिद्ध झाली आणि लगेच १९०५ पर्यंतच्या ग्रंथांची पुरवणीही काढावी लागली.

या इतिहासातून अद्ययावततेच्या तीन पद्धती स्पष्ट होतात. पहिली, मूळ सूचीतच चिठ्ठी चिकटविणे; दुसरी, मूळ सूची तशीच ठेवून पुरवणी काढणे; तिसरी, संपूर्ण नवी आवृत्ती छापणे. पहिलीत जागा खर्ची पडते, दुसरीत वाचकाला दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो, तिसरीत पैसा व श्रम लागतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९०१ पासून मुद्रित तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास प्रारंभ केला. पत्र सुटे असल्याने ते हव्या त्या जागी घालता येई. ग्रंथसूचीचे पुस्तक मात्र सुटे करता येत नाही.

मराठीतील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या काळाचा भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग येण्यास १९६१ साल उजाडले. दाते यांच्यासारख्या व्रतस्थ सूचिकारालाही काळाच्या मागेच चालावे लागले. सूचिकाराच्या निष्ठेत येथे काही उणे नव्हते; सूची आणि संग्रह यांच्या गतीतील हा मूलभूत फरक आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पाचवे सूत्र ग्रंथालयास वर्धिष्णू सजीव मानते. सजीवाची वाढ होते तशी झीजही होते, हा त्या सूत्राचा दुसरा अर्थ सूचिकाराने विसरता कामा नये.

घरात आलेला चित्रपट आणि त्याच्या सूची

चित्रपट घरात आला तो सुरक्षित फितीमुळे. चित्रपटगृहांतील ३५ मिमी नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असल्याने घरी वापरण्यास अयोग्य होती. फ्रान्समधील पाथे कंपनीने १९२२ च्या अखेरीस ९.५ मिमी रुंदीच्या फितीची 'पाथे-बेबी' पद्धती बाजारात आणली. अमेरिकेत कोडॅकने १९२३ साली १६ मिमी फीत आणली. १९३२ साली त्याहून स्वस्त ८ मिमी आणि १९६५ साली सुपर ८ फीत आली. यंत्र घरी आले तसे त्यावर दाखविण्यासाठी चित्रपटही हवे झाले. कोडॅकने १९२०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क येथून 'कोडास्कोप लायब्ररी' सुरू केली. येथून चित्रपटांच्या १६ मिमी प्रती भाड्याने मिळत. त्यासाठी वर्णनात्मक मुद्रित सूची काढली जाई. क्रमांक, शीर्षक, रिळांची संख्या व भाडे यांसह थोडक्यात कथासार असे तिचे स्वरूप होते. नव्या चित्रपटांबरोबर सूचीच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या.

या सूचींना पुढे अनपेक्षित महत्त्व आले. कोडास्कोपच्या प्रती बहुधा संक्षिप्त असत. 'द लॉस्ट वर्ल्ड' या १९२५ च्या मूकपटाची मूळ लांबीची प्रत दीर्घकाळ उपलब्ध नव्हती, आणि अनेक दशके हा चित्रपट प्रामुख्याने कोडास्कोपच्या संक्षिप्त रूपातच ज्ञात होता. एखाद्या संग्राहकाने आपल्या सूचीत केवळ 'द लॉस्ट वर्ल्ड, १९२५' इतकीच नोंद केली, तर वाचकाला पूर्ण चित्रपट असल्याचा भ्रम होतो. रिळांची संख्या आणि प्रतीचा उगम नोंदविला असेल तरच ती नोंद खरी ठरते. येथे अद्ययावतता म्हणजे नवे ज्ञान जुन्या नोंदीत आणणे होय.

पुढील काळात भाड्याऐवजी विक्रीस महत्त्व आले. कॅसल फिल्म्स या संस्थेने १९३७ पासून घरगुती ग्राहकांसाठी छोटे चित्रपट विक्रीस आणले. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथील ब्लॅकहॉक फिल्म्सने संग्राहकांना ८ व १६ मिमी प्रती विकल्या आणि बांधीव सूचीऐवजी वृत्तपत्राच्या आकारातील 'ब्लॅकहॉक बुलेटिन' काढले. नियतकालिकाच्या रूपातील सूची हा पुरवणीच्या पद्धतीचाच विस्तार होता. तिच्यामुळे माहिती ताजी राहिली. परंतु वर्तमानपत्र जसे वाचून टाकले जाते, तसेच या अंकांचे होणे स्वाभाविक होते. ताजेपणासाठी टिकाऊपणाचा त्याग करावा लागला.

व्हिडिओच्या काळातील सूची

१९७५ साली बीटामॅक्स व १९७६ साली व्हीएचएस पद्धती आल्यानंतर गृहसंग्रहांचे प्रमाण एकदम वाढले. डब्यांची संख्या दहापाचांवरून शेकड्यांत गेली. या काळात संग्राहकाच्या हाताशी असलेली सर्वाधिक परिचित मुद्रित सूची म्हणजे लेनर्ड मॉल्टिन यांची मार्गदर्शिका. ती प्रथम १९६९ साली 'टीव्ही मूव्हीज' या नावाने निघाली आणि पुढे दरवर्षी नवी होऊ लागली. दरवर्षी नवे चित्रपट येत, परंतु एका खंडात बांधता येतील इतकीच पाने असत. नव्यांना जागा द्यायची तर जुन्यांना बाहेर जावे लागे. अखेर २००५ साली जुन्या चित्रपटांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढण्यात आली. २०१५ ची आवृत्ती, जी २०१४ साली बाजारात आली, ती मूळ मालिकेतील शेवटची ठरली. संगणकाच्या जाळ्यावर तीच माहिती विनामूल्य व रोज ताजी मिळू लागल्यावर वार्षिक छापील खंडाला ग्राहक उरला नाही.

ही घटना केवळ व्यापारातील बदल म्हणून पाहणे पुरेसे नाही. मॉल्टिन यांच्या जुन्या आवृत्त्या ज्यांनी जपून ठेवल्या, त्यांच्याजवळ कोणता चित्रपट कोणत्या वर्षी नोंदण्याजोगा मानला गेला आणि कोणत्या वर्षी गळाला, याचा पुरावा आहे. जाळ्यावरील नोंद दुरुस्त होते तेव्हा तिचे पूर्वरूप वाचकाच्या डोळ्यांसमोरून नाहीसे होते. छापील सूची शिळी होते, पण आपले शिळेपण लपवीत नाही.

घरी चित्रित केलेल्या फिती

कुटुंबाने स्वतः चित्रित केलेल्या फितींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांना शीर्षक नसते, श्रेयनामावली नसते, आणि ८ मिमीच्या फितींत बहुधा ध्वनीही नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत ठेवण्यात आले, तेव्हा यूटा राज्यातील टोपाझ येथील छावणीत डेव्ह तात्सुनो यांनी ८ मिमी कॅमेऱ्याने तेथील जीवन टिपले. 'टोपाझ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घरगुती चित्रीकरणाचा समावेश १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. अशा चित्रणातील माणसे कोण, स्थळ कोणते, प्रसंग कोणता, हे सांगणारे शब्द सोबत नसतील तर ती केवळ हलणारी चित्रे उरतात. ते शब्द सूचीत येतात, आणि सांगणारी पिढी हयात आहे तोवरच येऊ शकतात.

महाराष्ट्रातील कुटुंबांतही १९८०च्या दशकापासून लग्न, मुंज यांच्या व्हीएचएस फिती साठल्या. त्यांच्या पाठीवरील चिठ्ठी हीच बहुतेकांची सूची. या फिती चालविणारे यंत्रही आता दुर्मीळ झाले आहे; जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. फितीवरील चित्रण तबकडीवर उतरविले गेले असेल तर मूळ फीत, तिची प्रत, उतरविल्याचे वर्ष आणि मूळ फितीची सद्यःस्थिती अशा चार बाबी नोंदीत याव्या लागतात. केवळ 'लग्नाची कॅसेट' ही नोंद त्या दिवशी अपुरी झालेली असते.

हानीची नोंद

गाळण्याचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते. हे उदाहरण सार्वजनिक संग्रहाचे असले तरी त्याचा बोध घरगुती संग्रहालाही लागू पडतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात १९६४ साली झाली आणि पी. के. नायर यांनी ते घडविले. २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. आगीनंतर जी सूची 'अद्ययावत' करावयाची, तीतून त्या नोंदी पुसून टाकणे ही प्रशासकीय सोय झाली असती. इतिहासाच्या दृष्टीने त्या नोंदींपुढे 'नष्ट, जानेवारी २००३' असे लिहिणे हेच योग्य होय. काय होते हे कळल्याशिवाय काय गेले हे कळत नाही.

दुरुस्तीचेही असेच आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची म्हणून जतन झालेली रिळे ही १९१७ साली त्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटातील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे मत मान्य करो वा न करो, सूचिकाराला जुनी नोंद खोडून नवी लिहिण्याचा अधिकार नाही. दोन्ही मते, त्यांच्या दिनांकांसह, नोंदीत राहिली पाहिजेत.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. चिकटविणे, पुरवणी आणि नवी आवृत्ती या तिन्ही पद्धतींची मर्यादा एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाली होती. गृहचित्रपटांच्या सूचींनी त्याच मर्यादा नव्या रूपात अनुभवल्या. संगणकामुळे हवी तेव्हा नवी मुद्रित प्रत काढणे आज सुलभ झाले आहे, परंतु त्याच सुलभतेमुळे सूचीचे पूर्वरूप राखण्याची सवय मोडली आहे.

म्हणून खाजगी संग्रहाच्या सूचीबाबत पुढील पथ्ये आवश्यक ठरतात. प्रत्येक वस्तूस कायमचा दाखल क्रमांक द्यावा आणि वस्तू गेल्यावरही तो दुसऱ्या वस्तूस देऊ नये. प्रत्येक मुद्रित आवृत्तीवर दिनांक असावा. वर्षातून एकदा संपूर्ण सूची छापावी व मधल्या काळातील बदल हाताने समासात लिहावेत. हरवलेल्या किंवा नष्ट झालेल्या वस्तूंची नोंद गाळू नये. कारणासह वेगळ्या यादीत ठेवावी. जुनी आवृत्ती रद्दीत न घालता नव्या आवृत्तीशेजारी ठेवावी.

शेवटचे पथ्य क्षुल्लक वाटले तरी त्यावरच बाकीची अवलंबून आहेत. सध्याची सूची संग्रहात आज काय आहे ते सांगते. संग्रह कसा वाढला, कशात झिजला आणि कुटुंबाने काय जपण्याजोगे मानले, हे मागील आवृत्त्या ओळीने मांडल्यावरच कळते. उद्याच्या सामाजिक इतिहासकाराला घरगुती फितींइतकीच त्यांच्या कालबाह्य सूचींचीही गरज भासणार आहे.