नाणेघाटातील आकडे आणि कलिंगाचे आकडे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके प्राचीन व्यापारी मार्गांवर वसलेले आहेत. शहापूर तालुक्यातील कसाऱ्यावरून थळघाटाची वाट नाशिकला जाते, तर मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यावरून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढते. या वाटा सोपारा व कल्याण या बंदरांशी जोडलेल्या होत्या. सत्य आणि नीती यांचा संबंध तपासताना या परिसरातील शिलालेख आम्हांस मार्गदर्शक वाटतात.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणा यांची मोजदाद आढळते. एका यज्ञाची दक्षिणा १,७०० गाई व १० हत्ती अशी दिली आहे. हे आकडे असत्य मानण्याचे कारण नाही. परंतु ते केवळ दात्याचे वैभव सांगतात.

सोपाऱ्यास १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या प्रस्तरलेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात मिळाला. याच लेखमालेतील तेराव्या लेखातही आकडे आहेत. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख लोक तेथून नेले गेले, असे सांगून सम्राट पश्चात्ताप प्रकट करतो. येथे सत्य स्वतःच्या अपराधाची नोंद करते.

तथापि एक गोष्ट लपवून चालणार नाही. खुद्द कलिंगातील धौली व जौगड येथे हा तेरावा लेख कोरलेला नाही. त्याऐवजी तेथे अधिकाऱ्यांना उद्देशून आज्ञा आहेत : प्रजा ही आपली अपत्ये होत, कोणासही अकारण बंधनात टाकू नये. हे मौन राजनीतीचे की करुणेचे, याविषयी मतभेद संभवतो. परंतु ज्यांनी दुःख भोगले, त्यांना कबुलीपेक्षा न्यायाची गरज अधिक असते, हे नाकारता येत नाही.

अशोकाने भाब्रू लेखात भिक्खू व उपासकांसाठी जी वचने निवडली, त्यांत असत्य भाषणाविषयी राहुलास केलेला उपदेशही आहे. मज्झिमनिकायातील या उपदेशात भगवान बुद्ध असत्याच्या निषेधावर थांबत नाहीत. कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ते स्वतःस वा इतरांस पीडा देते काय, हे आरशात पाहावे तसे तपासण्यास ते सांगतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नीतीलाच धम्म मानले, त्याचे मर्म येथे आहे. वस्तुस्थितीशी जुळणारे वचन खरे असते. परंतु बोलणाऱ्याचे आचरण बदलते, तेव्हाच ते सत्य शील होते.