मुक्त संगणकप्रणाली आणि सामान्य माणूस

कामगार चळवळीत एक जुना वाद आहे. संघटना मोजक्या, जाणत्या सभासदांची असावी, की दारात येईल त्या प्रत्येकाची? आमचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही संगणकाच्या इतिहासावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण हाच वाद तेथेही गेली तीस वर्षे चालू आहे.

संगणक आणि तो वापरणारा माणूस यांच्यामध्ये जी आज्ञावली मुकादमासारखी उभी असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मुकादम कोणाचा, हा प्रश्न प्रथम एका छपाईयंत्रावरून निघाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. पण तिचा मूळ मजकूर देण्यास त्यांना नकार मिळाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. ती कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, हे तिचे तत्त्व. १९९१ मध्ये हेलसिंकीतील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा, म्हणजे लिनक्स, लिहिला. पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला झाला.

येथवरचे काम जाणकारांनी जाणकारांसाठी केलेले होते. सामान्य माणसाला समोर ठेवून मॅथियस एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई सुरू केले. १९९७ मध्ये ग्नोम निघाले. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या तबकड्या तर मागेल त्याला टपालाने फुकट मिळत. तेव्हा वाद पेटला. एक पक्ष म्हणे, सोपेपणाच्या नादात सत्त्व जाईल. दुसरा म्हणे, लोकांपर्यंत न पोचणारे स्वातंत्र्य काय कामाचे?

पहिल्या पक्षाची भीती पोकळ नव्हती. २००८ पासून विक्रीस आलेल्या अँड्रॉइड फोनांच्या तळाशी हाच लिनक्स आहे. तो कोट्यवधी लोकांच्या खिशात गेला; पण पुष्कळ फोनांत मालकाला त्यातले काही बदलता येत नाही. गर्दी आली, हक्क बाहेरच राहिला. पटावर सभासद हजारो, पण सभेत तोंड उघडण्याची कोणास मुभा नाही, अशी संघटना आम्ही पाहिली आहे.

नुसत्या वरच्या हुकमानेही काम टिकत नाही. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये मुक्त प्रणालीचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक तिच्यावर आणले. आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. म्युनिकला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत एका तरुण सभासदाने जुन्या संगणकावर मुक्त प्रणाली बसवून दिली. वर्षभर पावत्या, पत्रके, सर्व सुरळीत चालले. पुढे त्याला परगावी नोकरी लागली. एके दिवशी छपाईयंत्र अडले, दुसऱ्या कोणास काही उमगेना, आणि आम्ही मुकाट्याने पहिल्या प्रणालीकडे गेलो. दोष प्रणालीचा नव्हता. एकाच्या डोक्यातली विद्या दहा जणांत वाटण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती.

केरळात ती घेतली गेली. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ ही योजना निघाली. अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या प्रणालीवर बेतलेला होता, म्हणून शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली. पुढे शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार झाले, मल्याळम भाषेत साधने आली, दहावीची संगणकाची परीक्षाही मुक्त प्रणालीवर होऊ लागली. मुले आणि शिक्षक काही तंत्रज्ञ नव्हते. पण अडले तर विचारावयास जवळ माणूस होता, आणि तो त्यांच्यातलाच होता.

म्हणून आमचे मत असे की, मुक्त प्रणालीने सामान्य माणसाकडे अवश्य जावे. मात्र त्याला गिऱ्हाईक समजून नव्हे, सभासद समजून जावे. सभासदाला वर्गणीची पावती देतात, तशी घटनाही वाचून दाखवतात. त्याला पुढे कार्यकर्ता व्हावयाचे असते. आमच्या कचेरीत तो जुना संगणक अजून आहे. या खेपेस प्रणाली बसविण्याआधी चार जणांचा वर्ग घेण्याचे ठरले आहे, आणि पहिल्या बाकावर आम्ही बसणार आहोत.