कार्डं गेली, काम राहिलं

आजच्या भागाची सुरुवात एका तारखेपासून करू. १ ऑक्टोबर २०१५. त्या दिवशी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या 'ओसीएलसी' या संस्थेने ग्रंथालयांसाठी कॅटलॉगची कार्डं छापणं कायमचं थांबवलं. तोवर त्यांनी जवळपास १९० कोटी कार्डं छापली होती.

आता गंमत बघा. ही संस्था काही छापखाना नव्हती. ग्रंथालयांना कंप्युटरने जोडायला ती सुरू झाली होती. २६ ऑगस्ट १९७१ला तिथे ऑनलाइन नोंदी करायला सुरुवात झाली आणि त्यानंतर ४४ वर्षं त्याच यंत्रणेतून कार्डं छापली जात होती! नवं आलं म्हणून जुनं एका रात्रीत जात नाही, ते असं.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे माझा समज असा होता, की ग्रंथपाल जुन्या पद्धतीला चिकटून बसले असतील आणि आमच्यासारख्यांनी जाऊन त्यांना शिकवलं असेल. इतिहास वाचला आणि गणित उलटं निघालं.

थोडं मागे जाऊ. १८८७ साली मेल्विल ड्युई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी शाळा काढली. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी, त्यातल्या १७ मुली. त्या काळी ग्रंथपालांना अक्षरसुद्धा शिकवलं जायचं. त्याला 'लायब्ररी हँड' म्हणत. कार्ड कुणीही लिहिलेलं असो, वाचणाऱ्याला सारखंच दिसलं पाहिजे. मग टाइपरायटर आला. १९०१पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस छापील कार्डं विकू लागली. सुंदर अक्षराची किंमत संपली. पण ग्रंथपाल संपले का? नाही.

कारण खरं काम अक्षराचं नव्हतंच. आपलंच उदाहरण घ्या. एक वाचक 'कुसुमाग्रज' म्हणून शोधतो, दुसरा 'वि. वा. शिरवाडकर' म्हणून. माणूस एकच, हे कपाटाला कळत नाही. एका नावाखाली सगळी पुस्तकं आणायची आणि दुसऱ्या नावावरून तिकडे वाट दाखवायची, हा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. तो ग्रंथपाल घेतो.

आता आजच्या गोष्टीची नायिका. हेन्रिएट अव्राम. जन्म १९१९, न्यूयॉर्क. १९५२पासून त्या अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत प्रोग्रॅमिंग करत होत्या. १९६५ साली त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी नव्हती. काम काय मिळालं, तर कार्डावरची माहिती मशीनला वाचता येईल अशी करायची.

सोपं वाटतं ना? पण एखाद्या पुस्तकाचं नाव दोन शब्दांचं, एखाद्याचं तीन ओळींचं. कुठे एक लेखक, कुठे चार, कुठे एकही नाही. त्या वेळच्या पंचकार्डावर रकाने फक्त ८०! अव्राम यांनी आधी कॅटलॉगिंग शिकून घेतलं. कार्डावरची प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, हे ग्रंथपालांकडून समजून घेतलं. मग 'मार्क' नावाचा फॉरमॅट तयार झाला. नोंदीच्या सुरुवातीला तिची एकूण लांबी, मग कोणती माहिती कुठून सुरू होते याची यादी आणि त्यानंतर प्रत्यक्ष माहिती. लेखकाला १०० नंबर, शीर्षकाला २४५. आपण आज शिकतो तो रिलेशनल डेटाबेस कॉड यांनी १९७०मध्ये मांडला. मार्कची चाचणी त्याआधीच, १९६६मध्ये १६ ग्रंथालयांत सुरू झाली होती. आजही जगभरातली ग्रंथालयं तो वापरतात.

सगळं छान झालं असं नाही. कार्डं टाइप करणं, ती क्रमाने खणात लावणं ही कामं गेलीच. आणि फॉरमॅटमध्येही खोट होती. १९६२पासून दिल्लीत लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय आहे, तिथून मराठी पुस्तकंही अमेरिकेला जातात. पण जुन्या मार्कमध्ये देवनागरीला जागाच नव्हती. मराठी नावं रोमन अक्षरांत, वर-खाली खुणा देऊन लिहावी लागत. कोणत्या अक्षराला कोणती खूण, याचे नियम बसवून ग्रंथपालांनी ती पुस्तकं शोधता येतील अशी ठेवली. मूळ लिपीची सोय झाली ती युनिकोडमुळे.

आज तोच प्रश्न एआयने पुन्हा विचारलाय. आता ग्रंथपाल कशाला? इतिहासाचं उत्तर मला असं दिसतं: हत्यार बदलतं, कधी कुणाची नोकरीही जाते, ते नाकारू नये. पण हे पुस्तक नेमकं काय आहे आणि माणूस ते कोणत्या नावाने शोधायला येईल, हे ठरवायला जाणकार लागतोच.

आणि आम्हा कोड लिहिणाऱ्यांसाठी धडा वेगळा आहे. कुणाचं काम मशीनवर आणायचं असेल, तर आधी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. अव्राम बसल्या, म्हणून साठीच्या दशकातलं त्यांचं काम अजून चालतंय. माझं मागच्या वर्षीचं चालेल का, खात्री नाही!

तुमच्या गावच्या वाचनालयात गेलात तर ग्रंथपालांना नक्की विचारा, तुमच्याकडे कार्डं कधी बंद झाली? भेटू पुढच्या भागात.