टेबलाचे माप

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकऱ्याची मजुरी तो किती कापड उतरवी त्यावर ठरे. सूत किती वेळा तुटले, ते सांधताना डोळ्यांना किती ताण पडला, याची नोंद कोणत्याही वहीत नसे. नगावर श्रम मोजण्याचा हा हिशेब आम्हा कामगार चळवळीतील मंडळींना चांगला परिचयाचा आहे. म्हणूनच तो चार वर्षांच्या मुलाला लावलेला पाहिला की आम्ही अस्वस्थ होतो. ‘आज शाळेत काय केलेस, दाखव’ असे आपण विचारतो. आणि दाखविण्याजोगे काही हवे म्हणून बाई मुलाच्या चित्रातील रेघ स्वतःच सरळ करून देतात! हा हिशेब निदान मुलांपुरता मोडून काढणाऱ्या एका गावाची कथा आज सांगावयाची आहे.

उत्तर इटलीत रेज्जो एमिलिया नावाचे शहर आहे. १९२२ पासून १९४३ पर्यंत इटलीने मुसोलिनीची राजवट सोसली; पाठोपाठ जर्मन फौजांचा अंमल आला. एप्रिल १९४५ मध्ये देश मुक्त झाला. थोड्याच दिवसांत शहरानजीकच्या व्हिला चेल्ला या खेड्यातील शेतकरी-कामकऱ्यांनी जर्मनांनी टाकून दिलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले व त्या पैशातून बालशाळा बांधावयास घेतली. बाँबने पडलेल्या घरांच्या विटा वेचल्या, नदीची वाळू आणली, अंगमेहनत स्वतःची घातली. ही वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी हा पंचविशीतील शिक्षक सायकलवरून तेथे गेला, आणि जन्मभर त्याच कार्याचा झाला. १९६३ साली रेज्जोच्या नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा उघडली.

या शाळांत माती, तार, रंग, कागद यांची कार्यशाळा असते. मुले काम करीत असता काय बोलतात, कोठे अडतात, बेत कसा बदलतात, हे शिक्षक टिपून ठेवतात. ती टिपणे आणि छायाचित्रे चित्रांच्या जोडीने भिंतीवर लागतात.

तेथील दियाना शाळेची एक हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहे. शाळेला आहे तसेच आणखी एक टेबल हवे होते. सुताराने माप मागितले. पाच-सहा वर्षांची मुले पुढे सरसावली. त्यांनी बोटांनी मोजले, मुठींनी मोजले. मग कागदाच्या पट्ट्या करून त्यांवर मनाला येतील तसे आकडे घातले. पुढे एका मुलाचा बूट हे माप ठरले, आणि सरतेशेवटी मुले मीटरपट्टीपाशी पोचली. शिक्षकांनी ती पहिल्याच दिवशी हाती दिली असती तर टेबल लवकर झाले असते. परंतु हाताहाताचे माप निराळे येते, म्हणून सर्वांना मान्य असा एकच गज हवा, ही गोष्ट त्या मुलांना स्वतः शोधून कळली नसती. दुकानदार आणि गिऱ्हाईक, मालक आणि मजूर यांच्यातील न्यायाचा पाया तरी दुसरा कोणता आहे?

कोणी म्हणेल, मग फळाला किंमतच नाही काय? आहे. मुलांनीच सुताराला माप कळविले. मात्र फळाच्या घाईपायी मुलाचा चाचपडण्याचा, चुकण्याचा हक्क हिरावला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की, ही चैन श्रीमंतांनाच परवडते. व्हिला चेल्लाची माणसे श्रीमंत नव्हती. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या, आणि तेथील गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी महाग साहित्याऐवजी शिंपले, खडे, पाने वापरली. पैशापेक्षा मोठ्या माणसांचा धीर अधिक लागतो.

यापुढे शाळेच्या प्रदर्शनात चित्राखाली ते काढताना मूल काय म्हणाले तेही लिहा, आणि बाईंनी सरळ केलेली रेघ आम्हांस नको, अशी मागणी पालकांनी एकजुटीने करावी. मागितल्यावाचून काही मिळत नाही, हे तर आम्ही चळवळीतच शिकलो.