राज्य गेल्यावर काय उरतं? तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट

आज आपण महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या काठावर जाणार आहोत. तंजावरला.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे मराठ्यांचं राज्य उभं केलं. त्याच घराण्यातल्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये एक लहान मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे सरफोजी. तुळजाराजे लगेचच वारले आणि गादी गेली अमरसिंगांकडे. या पोरक्या मुलाला सांभाळलं श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकानं. पुढे मद्रासला त्याचं शिक्षण झालं.

१७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पण पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, कंपनीशी तह झाला आणि राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, नेमणुकीची रक्कम आणि महसुलातला एक हिस्सा. वय होतं अवघं बावीस!

आता तुम्हीच सांगा, अशा माणसानं काय करावं? नेमणूक खात बसावं, शिकार करावी, हरवलेल्या वैभवाच्या आठवणी काढाव्यात. अनेकांनी तेच केलं. सरफोजीराजांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला असावा : जे गेलं ते गेलं, हातात आहे त्याचं काय करायचं?

पहिली गोष्ट छत्रांची. छत्र म्हणजे वाटसरूंसाठीचं अन्नछत्र आणि धर्मशाळा. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून विनवलं, की ही छत्रं माझ्याकडेच राहू द्या. तिथे जातपात न बघता प्रवाशांना जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध, अडलेल्या बाळंतिणींना मदत आणि अनाथ मुलांना आसरा. हे पत्र लिहिणाऱ्याचं राज्य जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट विद्येची. त्यांनी मुलांसाठी शाळा काढली, देवनागरी छापखाना घातला. १८०६ मध्ये तिथून इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक निघालं, ‘बालबोध मुक्तावली’. धन्वंतरी महालात वैद्यांना एकत्र आणून औषधं पारखली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेतली. ती आजही जपलेली आहेत.

आणि तिसरी गोष्ट, सरस्वती महाल. हा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. सरफोजीराजांनी तो कितीतरी पटीनं वाढवला. १८२० ते १८२२ या काळात ते सुमारे तीन हजार माणसांसह काशीयात्रेला गेले, आणि या यात्रेतूनही त्यांनी हस्तलिखितं जमवली. युरोपातून हजारो पुस्तकं मागवली.

हे सारं सांगताना एक गोष्ट लपवायची नाही. कंपनीनं नेपोलियनवर विजय मिळवणाऱ्या इंग्रजांसोबत आनंद मानावा, तसा याच राजानं त्या विजयाचं स्मारक म्हणून समुद्रकिनारी मनोरा बांधला. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याशी गोडीनंच राहावं लागलं. त्यांच्या सेवेला ही मर्यादा होती. पण त्या मर्यादेच्या आत त्यांनी तसूभर जागाही रिकामी ठेवली नाही.

१८३२ मध्ये राजे गेले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीनं उरलंसुरलं संस्थान खालसा केलं, खासगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाई न्यायासाठी लढल्या, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकालही विरोधात गेला. पुढे सरकारनं मालमत्ता परत दिली. आणि १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला.

बघा मंडळी, गादीला वारस उरला नाही. ग्रंथालयाला मात्र रोज नवे वारस मिळतात. तिथे पोथी उघडणारा तमिळ विद्यार्थी, मोडी वाचणारा मराठी अभ्यासक, हे सगळे त्या राजाचे वारसच.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातून कधीतरी काहीतरी निसटतं. नोकरी, पद, तब्येत, माणसं. तेव्हा तंजावरचा तो बावीस वर्षांचा राजा आठवा. गेलेल्याचा हिशेब एकदा करून मिटवा आणि उरलेल्यातून कुणासाठी तरी एखादं दार उघडं ठेवा.